दसऱ्याला गाडीत ओतलेलं ऑइल

माझी गाडी जुनी आहे. पेट्रोलवर चालते. रंग मुळात पांढरा, आता पिवळट. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याने ती जुनीच घेऊन दिली होती. म्हणाला, आईला मोटरसायकलवर मागे बसवून फिरवणं बंद करा. बायको पुढच्या सीटवर चपला काढून मांडी घालून बसायची. वाटेवर जो दिसेल तो कोण आणि कुठे चालला हे मला सांगायची. मला दिसत असायचं, तरी सांगायची.

ती श्रावणात गेली. दुपारी छातीत दुखायला लागलं. मी तिला याच गाडीत घातलं आणि इंझोरीहून कारंज्याला नेलं. सगळं झाल्यावर डॉक्टर मला म्हणाला, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. एवढं बोलून तो दुसऱ्या पेशंटकडे गेला. त्याचं काम होतं ते. वाक्य मात्र माझ्याकडे राहिलं.

आमच्याकडे घरात कोणी गेलं की वर्षभर सण धरत नाहीत. तोरण नाही, पुरण नाही, गाडी-औजारांची पूजा नाही. दसऱ्याला गावातले ट्रॅक्टर धुऊन-पुसून झेंडूचे हार घालून उभे होते आणि माझी गाडी चिंचेखाली धूळ खात होती. दरवर्षी ती बोनटवर कुंकवाची पाच बोटं उमटवायची. मला गाडीची कीव आली. म्हटलं, पूजा नाही तर नाही, निदान ऑइल बदलून देऊ.

एरवी ऑइल कारंज्याचा मिस्त्री बदलायचा. पण ती गेल्यापासून मला त्या रस्त्याने जावंसंच वाटत नव्हतं. कोठ्यात ट्रॅक्टरच्या ऑइलची बादली होती, सोयाबीनच्या हंगामासाठी आणलेली. गाडीतलं जुनं काढलं तर ते पाण्यासारखं पातळ. हे ऑइल आहे की ताक, असं वाटलं. ट्रॅक्टरचं कसं, बोटाला मधासारखं धरून राहतं. जाड ते चांगलं, या हिशेबाने मी तेच ओतलं आणि पुण्य केल्यासारखा हात धुऊन आत गेलो.

दिवाळी झाली, थंडी पडली आणि गाडी वाजू लागली. सकाळी चालू केली की पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा आवाज. थोड्या वेळाने कमी व्हायचा, पण पुरता जायचा नाही. ओढही गेली. मानोऱ्याच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्याने कान लावला आणि सांगितलं, इंजिन म्हातारं झालं, खोलावं लागेल, चेन-बिन सगळं बदलावं लागेल. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, भंगारात देऊन टाका.

गाडी भंगारात गेली असती तरी मी रडलो नसतो. मला दुसरंच खात होतं. कारंज्याच्या वाटेवर नाल्याचा पूल ओलांडला की एक चढ लागतो. त्या दिवशी तो चढ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चढली होती, हे मला पक्कं आठवत होतं. आणि जसजसे दिवस गेले तसतसा त्या आठवणीत हा खडखडाटही येऊन बसला. म्हणजे गाडी तेव्हाच बिघडलेली होती. माझं लक्ष नव्हतं, आणि डॉक्टरचा तो अर्धा तास माझ्या हलगर्जीपणात गेला. हे मी कोणाजवळ बोललो नाही. मुलाजवळ तर नाहीच.

शेवटी पौषात मन घट्ट केलं. म्हटलं, काय ते एकदा कळू दे. सकाळी निघालो. चढावर गाडीने जीव खाल्ला, पण पोचली.

कारंज्याच्या मिस्त्रीचं शेड बाजाराच्या मागे आहे. पन्नाशीचा माणूस, तोंडात तंबाखूचा खर्रा, बोलणं कमी. त्याने बोनट उघडला, ऑइलची पट्टी ओढून काढली, बोटावर ऑइल चोळलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"हे कोनतं टाकलं, काका?"

मी सांगितलं.

"म्हशीची ढेप सशाले चारली तुमी."

मग त्याने समजावून दिलं. या इंजिनात झडपांची उघडायची वेळ पुढे-मागे करणारं एक चाक असतं. गाडी हळू असली तर वेळ वेगळी, जोरात असली तर वेगळी. त्याला कंपनीवाले व्हीव्हीटी म्हणतात. ते चाक ऑइलच्या दाबावर फिरतं. ऑइल त्याच्यापर्यंत एका बोटाएवढ्या व्हॉल्व्हमधून जातं आणि व्हॉल्व्हच्या तोंडाला चहाच्या गाळणीसारखी जाळी असते, तिच्याहून बारीक. जाड ऑइल थंडीत तिथून वेळेवर जात नाही. चाक कोरडं राहतं, म्हणून खडखडतं. वेळ चुकते, म्हणून ओढ जाते.

त्याने व्हॉल्व्ह काढला. जाळी काळ्या गाळाने पार लिंपलेली होती. पेट्रोलमध्ये धुतली, हवा मारली, मग व्हॉल्व्हला बॅटरीच्या दोन तारा लावल्या. टक. पुन्हा लावल्या, पुन्हा टक. जिवंत आहे, म्हणाला. माझं ट्रॅक्टरचं ऑइल खाली सोडलं. ते निथळायला इतका वेळ लागला की आमचा चहा होऊन गेला. नवा फिल्टर घातला आणि ताकासारखं पातळ ऑइल ओतलं. गाडी चालू केली. आधी थोडी वाजली, मग गप्प झाली.

मी चावी मागितली तर देईना. म्हणाला, गरम इंजिन खोटं बोलते, रातभर थंड होऊ द्या, सकाळी या. मी एसटीने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गेलो. काचांवर दव होतं. त्याने मलाच आत बसवलं. चावी फिरवली. क्षणभर किर्र झालं आणि मग इंजिन इतकं गप्प चालू लागलं की मी ते बंद पडलं समजून पुन्हा चावी फिरवायला गेलो. त्याने माझा हात धरला.

"चालू आहे, काका."

तेव्हा मी विचारलं. त्याच्याकडे न बघता विचारलं, की श्रावणातही गाडी अशीच वाजत असेल का.

त्याने बोनटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दाखवला. त्याच्याच हाताने किलोमीटर लिहिलेले होते. "उन्हाळ्यात मीच ऑइल बदललं, मीच चालवून पाह्यली. गाडी मस्त होती. वाजली असंन तं दसऱ्यानंतरच."

"मंग ती चढावर काहून नाई ओढली? त्या दिवशी?"

बायको कशी गेली हे त्याला माहीत होतं. बाजारात सगळ्यांनाच माहीत होतं. तो खर्रा थुंकून आला आणि मग बोलला.

"तुमी दाबली होती का तिले?"

मी गाडीतून उतरलो. शेडच्या दारात एक बाज होती, तिच्यावर जाऊन बसलो.

मी दाबली नव्हती. पुलावर खड्डे आहेत. पहिल्या खड्ड्यात गाडी आदळली तशी शेजारून तिने माझी बाही धरली आणि म्हणाली, "हळू घ्या ना जी, हिसके बसून राह्यले." मी दुसरा गिअर टाकला आणि चढ संपेपर्यंत तसाच ठेवला. गाडी रेंगाळली नव्हती. मी हळू घेतली होती. खडखडाट नव्हताच. काचा वर होत्या आणि तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे इंजिन गप्पच असलं पाहिजे. हे सगळं मला पाच महिने आठवलं नव्हतं. डॉक्टरचं वाक्य तेवढं आठवत होतं.

ते वाक्य अजून आहे. ते कुठे जाणार. पण आता त्यात माझा हलगर्जीपणा नाही. तिने सांगितलं, मी ऐकलं. सगळ्या संसारात तिचं मी जे थोडंफार ऐकलं, त्यातलं ते एक.

मिस्त्रीने एक पातळ ऑइलचा डबा मागच्या सीटवर ठेवला आणि ट्रॅक्टरची बादली कुलपात ठेवा म्हणून बजावलं. मी निघालो. वाटेत तो चढ आणि पूल आला. कारंज्याकडून येताना तो उतार लागतो आणि मला तो चढायचा होता. पूल ओलांडून पलीकडे गेलो, तिथून परत फिरलो, पुलावरचे खड्डे सांभाळून पार केले आणि मग पाय दाबला. गाडी तिसऱ्यात सरळ वर गेली.

वर थांबवली. मुलाला फोन लावला आणि सांगितलं, गाडी इकायची नाही. काहून म्हणून त्याने विचारलं. म्हटलं, चांगली आहे, कायले इकायची. दसऱ्याला ये, वर्ष झालेलं असंन, पूजा करू.