कान टोचणारे डास सर

डास सर समोरच्याच्या चेहऱ्याआधी कानाची पाळी बघत. पाळी जाड असली की खूश. अलिबागला एका व्यायामशाळेच्या वरच्या मजल्यावर त्यांनी ट्रेडमिल मांडली होती. आपण धावायचं, ते वेग वाढवत नेणार आणि प्रत्येक टप्प्याला पाळी टोचून रक्ताचा थेंब घेणार. त्यातलं लॅक्टेट, म्हणजे धावताना स्नायूंत तयार होणारं आम्ल, ठरावीक वेगापर्यंत फारसं हलत नाही, मग भराभर चढतं. तो वेग म्हणजे तुमचा उंबरठा. त्याच्या आत माणूस बराच वेळ धावतो, बाहेर गेला की लवकरच गळपटतो. आमच्या थळच्या बायकांनी त्यांना ‘डास सर’ केलं, हे त्यांना कळलं होतं. "डास विचारून चावत नाही. मी विचारतो," एवढंच म्हणाले.

आमचा धावण्याचा गट चाळिशीच्या आसपासचा, पण धडधाकट. वेळापत्रक, पाण्याच्या बाटल्या, कोणी कुठे उभं राहायचं, हे सगळं माझ्याकडे. किनाऱ्यावरच्या रिले शर्यतीला चौघी हव्या होत्या. तीन नावं ठरली. चौथ्या जागेवर मी आणि माझी धाकटी जाऊ वैशाली, दोघीही अडून बसलो. घरात भाकऱ्या जरा जोरात थापल्या जात होत्या. शेवटी मीच सुचवलं, दोघींनी सरांकडे चाचणी द्यायची. जिचा उंबरठा वरचा, तिची जागा.

सरांची ताकीद होती: पोट रिकामं हवं आणि पुसलेल्या कानाला हात लावायचा नाही. आम्ही निघालो तर सासूबाई दारात वाटी घेऊन उभ्या.

"परीक्षेला चालल्या ना? हात पुढं करा."

"आई, उपाशी जायचंय," वैशाली म्हणाली.

"चमचाभर दहीसाखर, ते काय जेवण हाय?"

तळहात चाटून, रुमालाला पुसून आम्ही रिक्षात बसलो.

सरांनी माझी पाळी स्पिरिटने पुसली. तेवढ्यात आठवलं, कुडी काढायची राहिलीय. ती काढली, केस कानामागे सारले. सरांनी टोचलं, थेंब यंत्राला दिला आणि आधी यंत्राकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

"जिना पळत चढलात?"

"छे, सावकाश आले."

"मग हा आकडा बसलेल्या माणसाचा नाही."

"म्हणजे वहिनी बसूनच दमल्या?" वैशाली टाळी वाजवत म्हणाली. "जागा माझी!"

सरांनी यंत्र तपासलं, पट्टी बदलली आणि मग वाकून माझा कान हुंगला. असा प्रसंग माझ्यावर आजवर आला नव्हता.

"दही?"

दुधाचं दही होताना जे आम्ल तयार होतं, तेच ते माझ्या रक्तात शोधत होते. सासूबाईंनी ते माझ्या हातावरून आयतंच पाठवलं होतं. हात आणि कान साबणाने धुऊन चाचणी पुन्हा झाली.

उंबरठा वैशालीचाच वरचा निघाला. सरांनी माझी समजूत वगैरे घातली नाही. "तुम्ही रोज उंबरठ्याबाहेर धावता. घाई म्हणजे सराव नव्हे. हळू धावा." भाजीसुद्धा घड्याळ बघून निवडणाऱ्या मला हे सांगणं!

त्या वर्षी वैशाली धावली आणि मी बाटल्या धरून उभी राहिले. मग वर्षभर किनाऱ्यावर इतकी हळू धावले की जाळं विणत बसलेले काका विचारायचे, "काय गो, काय हरवलंय काय?"

पुढच्या शर्यतीआधी आम्ही पुन्हा चाचणीला निघालो, तेव्हा सासूबाईंनी दहीसाखर चमच्याने थेट तोंडात भरवली. या वेळी उंबरठा माझा वरचा निघाला. वैशाली कान चोळत म्हणाली, "घ्या जागा. पुढल्या वर्षी बघते तुम्हाला."

शर्यतीच्या आधीच सरांना नाशिकला नोकरी लागली. ट्रेडमिल खाली उतरवायला सगळा गट गेला होता. निघताना आम्ही पाया पडायला वाकलो, तर म्हणाले, "पाठीतून नाही, गुडघ्यातून वाका." तेवढाच निरोप.

शर्यत झाली त्या दुपारी मी त्यांना फोन केला. कितव्या आलो, हे त्यांनी विचारलं नाही.

"कुठे दमलात?"

"शेवटच्या वळणावर. समोर शर्यत संपायची रेषा दिसायला लागली तेव्हा."



"योग्य ठिकाणी दमलात," सर म्हणाले.