बाबांची ऑर्डर

माझे बाबा, पुंडलिक मेश्राम, अख्खी नोकरी जबलपूरच्या तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत होते. तिथे कधी महिनोन्‌महिने काम नसायचं, माणसं पत्ते कुटायची. मग सरहद्दीवर काही बिनसलं की दिल्लीहून ऑर्डर यायची आणि ओव्हरटाइम सुरू. एवढ्या अनुभवावर बाबांनी सगळं जग निकालात काढलं. मागणी गेली की परत येतेच, बस.

करोनात शाळा बंद पडल्या तेव्हा ऑनलाइन शिकवणीच्या एका कंपनीचा शेअर आभाळाला टेकला. शाळा उघडल्या आणि तो धाडकन आपटला. बाबांनी घेतला तो तेव्हा! स्वस्त झाला म्हणून. आणखी पडला, आणखी घेतला. कांचघरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत बसून रिटायरमेंटचा पैसा त्यात ओतला. मी आणि माझी मुलगी तिथेच राहतो. पोरगी त्या कंपनीचं ॲप उघडून बसली तर हेच खेकसायचे, "बंद कर ते डबडं, शाळेत जा!" स्वतःच्या नातीसाठी जे नको, ते बाकीच्यांची पोरं विकत घेतील म्हणे. शिसारी यायची मला.

"बाबा, शाळा सुरू आहेत. आता कोण घेईन ते?"

"तुले नाही समजत, प्रतिमा. ऑर्डर परत येते."

उरला होता महाराजपूरचा प्लॉट, आईच्या नावावरचा. फॅक्टरीचं क्वार्टर सुटल्यापासून तिथे घर बांधायचं, एवढंच तिचं मागणं. बाबांनी तोही विकायला काढला. कंपनीनं निम्मी माणसं काढली, आता खर्च कमी, भाव चढणार, असं त्यांनी मोबाइलवर ऐकलं होतं. रस्त्यावर आलेल्या माणसांबद्दल अवाक्षर नाही. आईनं बरेच दिवस टाळलं आणि शेवटी कटकटीला कंटाळून हो म्हणाली.

रजिस्ट्रीच्या सकाळी ती तयार होऊन बसली होती. टीव्हीवर सांगत होते, कुठेतरी करोनाचे पेशंट पुन्हा वाढताहेत. बाबा ताडकन उठले. त्यांचा चेहरा माझ्या लग्नातही एवढा फुलला नव्हता.

"अंजनी, पाहून घे! वाढून राहिला परत. आता होते शाळा बंद. आली ऑर्डर!"

माझा मोतीराममामा, आईचा सख्खा भाऊ, दुसऱ्या लाटेत सिहोऱ्याहून इथे आणताना वाटेतच गेला होता. मला वाटलं, आई आता किंचाळेल. तिनं शांतपणे विचारलं, "अजी, माझा मोतीराम गेला, तेव्हा किती भाव होता याचा?"

बाबांना आकडा पाठ होता. त्यांनी तो सांगितला. वर म्हणाले, "तेव्हाच तर टॉपला होता."

आईनं प्लॉटचे कागद पिशवीत घातले आणि सिहोऱ्याला मामीकडे निघून गेली. दुपारी प्लॉट घेणारा माणूस येऊन बसला. त्याला चहा मीच दिला.