देसाचं निळं पाकीट

देसांका पावलोविच बावीस वर्षं आमच्या विद्यापीठाच्या कायदा विभागाच्या फरशा पुसते आहे. प्राध्यापकांना तिचं नाव ठाऊक नाही. पोरं मात्र देसामावशी म्हणतात, कारण परीक्षेला निघालेल्या प्रत्येकाच्या पाठीमागे ती भांडंभर पाणी ओतते. काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. मग ओतलेलं पुन्हा स्वतःच पुसते.

राहते माझ्या शेजारी, कारखान्याच्या जुन्या कामगार वस्तीत. कारखाना विकला गेला आणि घेणाऱ्याला आमची घरं रिकामी हवी आहेत. माझी शाळा आठवीत सुटली. कायदा मी पोलिसांच्या धक्क्यांतून शिकले आणि वस्तीला शिकवला, याचा मला गर्व होता. सगळ्यांकडून मी एक गोष्ट घोकून घेतली होती: कोर्टाचं निळं पाकीट आलं की दार उघडायचं नाही, ओळखीचा आवाज आला तरी. सही नाही, तर निरोप पोचलाच नाही.

देसानं तंतोतंत तसंच केलं. टपालवाला तीनदा परत गेला. चौथ्यांदा त्यानं पाकीट दाराला चिकटवलं. तिनं ते काढून घरच्या संताच्या तसबिरीमागे खोचलं. उघडलंसुद्धा नाही.

बुधवारी कायद्याच्या पोरांच्या मंडळाची सभा होती. पुढच्या वर्षाची योजना त्याच दिवशी डीनकडे द्यायची, नाहीतर वर्षभर ना खोली, ना परवानगी. योजनेत नववा विषय माझा होता: दर शनिवारी आमच्या वस्तीत फुकट सल्ला. वर्षभर त्यासाठी मी त्यांच्या जिन्यावर ठाण मांडून बसले होते. सभेला सात जण लागतात. बरोबर सातच होते.

नववा यायची वाट बघता बघता, फरशी पुसायला आलेल्या देसानं पाकीट सहज स्टाशाच्या हातात दिलं. स्टाशा त्या मंडळातली सर्वांत हुशार पोर.

"मावशी, हे दाराला कधी लावलं?"

"मंगळवारी. कालच्या नाही गं, मागच्याही नाही, त्याच्या आधीच्या."

स्टाशानं बोटांवर मोजलं. "घर खाली करायचा निकाल आहे. अपिलाला पंधरा दिवस. आज पंधरावा."

"पण मी सही कुठं केलीय?" देसा माझ्याकडे बोट दाखवत हसली. "विचार बोयानाला!"

"दाराला लावलं की पोचलं, मावशी. सही लागत नाही."

देसानं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

साडेचार वाजले होते. अपील टपालानं पाठवायचं आणि टपाल कचेरी सातला बंद. अपील लिहायलाच दोन तास. आणि अध्यक्ष रेल्या अजून नाचाच्या कार्यक्रमाच्या हॉलवर अडलेला.

"नववा विषय आधी घे रे," मी म्हणाले.

"क्रम मंजूर झालाय, ताई. बदलायचा तर आधी चर्चा, मग मतदान."

"हिचं घर जातंय आणि तू नाचायला जागा शोधतोस? मुडद्या!"

"शिव्या बाहेर दे," देसा माझी बाही ओढत म्हणाली. "इथली फरशी आत्ताच पुसलीय."

स्टाशा उठायला लागली.

"तू गेलीस तर सहा उरतो," रेल्याचा आवाज फाटला. "सभा मोडते. योजना गेली. शनिवारही गेले, स्टाशा!"

वस्तीत आणखी अकरा घरं आहेत. ती माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेली.

"बस पोरी," देसा म्हणाली. "मी एकटी. तिकडं अकरा घरं."

स्टाशानं माझ्याकडे पाहिलं. मोर्चात शंभर माणसांना एका आरोळीत उठवणारी मी. इथं एकीलाच उठवायचं होतं. मी हळूच म्हणाले,

"ऊठ."

बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या कठड्यावर तिनं अपील लिहिलं. आत सभा मोडली, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. कोणी रडतही होतं. देसानं सही केली आणि आम्ही निघालो तशी अख्खी बादली आमच्या मागं ओतली. सातला आठ मिनिटं असताना पावतीवर शिक्का बसला.

"वेळेत गेलं, एवढंच," स्टाशा म्हणाली. "जिंकू असं म्हणत नाही. त्या अकरा घरांत पण पाकिटं आहेत का, ताई?"

मी तशीच पळत वस्तीत आले आणि पहिलं दार ठोकलं. आतला टीव्ही बंद झाला. दुसरं ठोकलं, दिवा विझला.

"अगं मी बोयाना! पाकीट आलं असेल तर उघडा, तारीख बघू द्या!"

दारामागे कुजबुज ऐकू आली.

"बोलू नकोस. तिनंच सांगितलंय ना, ओळखीचा आवाज काढून फसवतात."

मी ठोकत राहिले. एकही दार उघडलं नाही.