पट्टी दुसऱ्यांदा

घाट उतरून चिपळूणला परत जायचं म्हणून ताईने आमच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. जुनी ऑटोमॅटिक गाडी. तिच्या गिअरचं तेल इंजिन गरम आणि चालू असतानाच बघायचं. ताईने तेलाची लांब पट्टी ओढून काढली आणि न बघताच फडक्याने लख्ख पुसली.

“अगं, बघ तरी!” मी पायरीवर बसूनच म्हटलं.

“पहिल्यांदा येतं ते इकडेतिकडे उडालेलं तेल. त्याच्यावर विसंबायचं नाही.”

पट्टी परत घालून काढली, उजेडात धरली. तेल खुणेपर्यंत, डाळिंबाच्या रसासारखं लाल. वासही घेतला; जळका नव्हता. किती शांत हात! याच हातांनी ती वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं एकटीने करते आहे.

मला ती रीत फार आवडली. माणसांची विचारपूस आपण पहिल्याच पट्टीवर उरकतो.

“तू कशी आहेस?” मी विचारलं.

“मजेत की!”

मी ते उत्तर पुसून टाकलं आणि पुन्हा विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग गाडी बंद केली आणि पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली.