तांडा घरी नसतानाची सभा

सोनीबाईबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. मला लिहिण्याची सवय नाही. पोस्टमास्तर असताना पावत्या आणि निवृत्तीनंतर गावसभेचे ठराव, एवढंच माझं लिखाण.

मानोरा तालुक्यात टेकडीखाली आमचं गाव आहे आणि वर तिचा तांडा. ती आणि तिचा नवरा बाबूसिंग तांड्यातल्या इतर धडधाकट माणसांसोबत दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, एप्रिलात परततात. तांड्याची एकच विहीर, तीही अलीकडे फेब्रुवारीत आटते. मग मागे राहिलेली म्हातारी माणसं खालून पाणी नेतात. तिची सासू भुरीबाई घागर घेऊन पडली, तेव्हा हात मोडला. सोनीबाईला ते कारखान्यावर फोनवरून कळलं.

पाऊस बेभरवशाचा झाला म्हणून गावाने श्रमदानातून टेकडीवर पाणी अडवायचे चर खोदायला घेतले. तांडाही आला. विहिरीवरच्या उतारालाही चर होतील, या भरवशावर सोनीबाई चाळीस दिवस रोज आली.

"तुया एका कुदळीत आमच्या तीन पोट्ट्याइचं काम होते," सरपंच दौलतराव म्हणाले.

"मंग तीन कप चहा मलेच द्या," ती म्हणाली. लोक हसले.

मेअखेर गावाकडचे चर संपले आणि लोक पेरणीच्या तयारीला लागले. दुसऱ्या दिवशी उतारावर तांड्याचीच नऊ माणसं होती. सोनीबाई दौलतरावांच्या ओसरीवर आली. मी तिथेच बसलो होतो.

"भाऊ, आमचा उतार राह्यला."

"ठरावात तसंच हाय, सोनीबाई. आधी गावाकडचा. वेळ उरला तर तांड्याकडचा."

"हे कवा ठरलं?"

"सव्वीस जानेवारीच्या सभेत."

"तवा तांड्यात कोन होतं?"

"म्हातारे होते ना."

"त्याइले बोलावलं होतं?"

दौलतरावांनी माझ्याकडे पाहिलं. 'वेळ उरल्यास' हे शब्द मीच लिहिले होते. सभेत कोणी हरकत घेतली नाही, म्हणून सर्वानुमते असंही लिहिलं होतं. जानेवारीत तांड्यातल्या बहुतेक घरांना कुलुपं असतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दरवर्षीचंच आहे.

"काहून नाही बोलावलं, मास्तर?" तिने मला विचारलं.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही. फक्त तिच्या पायांवरची वाळलेली माती दिसत होती.

"कामाचं त्याच सभेत ठरते," दौलतराव म्हणाले. "तारीख मले हलवता येत नाही."

"मंग फोन लावा. आमी उसाच्या फडातून बोलू."

त्या वर्षी तांड्याचा उतार तसाच राहिला. पुढच्या जानेवारीत सभा भरली तेव्हा दौलतरावांनी खरंच फोन लावला आणि तो टेबलावर ठेवला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"सोनीबाई, औंदा आधी तांड्याचा उतार. चालते का?"

"चालते. पन गावातले येतीन का?"

दौलतरावांनी सभेकडे पाहिलं. पहिला हात वर व्हायला वेळ लागला. मग आणखी झाले. मी मोजले.

"एकवीस," मी फोनजवळ जाऊन म्हणालो.

"नावं लिहून घ्या, मास्तर," ती म्हणाली. "गाडी भरून राह्यली, ठेवते."

मी एकवीस नावं लिहिली. खाली माझंही लिहिलं.