तहात नसलेलं गाव

मामाचं गाव उठलं त्या सकाळी टेम्पो एका दिशेला गेले नाहीत. एक उरणला, दोन कामोठ्याला, एक कळंबोलीला. आमचं गाव आधीच गेलं होतं, सगळं एकत्र, शेजारीशेजारी प्लॉट घेऊन. मी बांधावर उभा होतो. पुढे होऊन कुणाचं कपाट उचलू लागायचंही धाडस झालं नाही.

तुम्हा विखुरलेल्यांना हे लिहितोय.

पनवेलच्या कॉलेजात मी ग्रीकांचा इतिहास शिकवतो. मॅसिडोनचा राजा एकेक मुलूख गिळत निघालेला, आणि ग्रीक नगरं आपसात भांडतायत. अथेन्सच्या दूतांनी त्याच्याशी तह केला. त्या तहात अथेन्सचं मित्रराज्य फोकिस नव्हतं. एका दूताने सभेत सांगितलं, काळजी नको, राजा त्यांचंही भलंच करील. राजाने फोकिसची नगरं मोडली, माणसं लहान लहान वस्त्यांत पांगवली. पोरं विचारतात, "सर, तो दूत विकला गेला होता का?" मी दरवर्षी 'याबद्दल मतभेद आहेत' म्हणून पुढे जातो. विकलं न जाताही तसं बोलता येतं, हे त्यांना सांगत नाही.

विमानतळासाठी गावं उठणार कळल्यावर आपल्या दोन्ही गावांनी ठरवलं होतं, पुनर्वसनाच्या ऑफिसात कुणी एकट्याने जायचं नाही. पण आपलं पालखीच्या मानावरून जुनं वैर. 'ते आधी सही करतील' या धास्तीने आमच्यांनी मला गुपचूप पाठवलं. गावाच्या वतीने करारावर सही करून आलो. एकत्र प्लॉट मिळणाऱ्या गावांच्या यादीत मामाचं गाव नव्हतं.

सहीची गोष्ट फुटलीच. दोन्ही गावांच्या पुढच्या बैठकीत मामाने विचारलं, "हाय ना रं आमच्या गावाचा नाव?"

"साहेब चांगला माणूस आहे, मामा. तुमचंही होईलच."

"बघा! मास्तर शुद्ध बोलाय लागला, म्हंजे काम पक्का हाय!"

सगळे हसले. मीही हसलो. तुम्ही निर्धास्त राहिलात आणि हरकत नोंदवायची मुदत निघून गेली.

परवा कामोठ्याला मामाच्या भाड्याच्या खोलीत सगळं सांगून टाकलं. नाव नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं, हेही. मामा म्हणाला, "मला एकल्याला काय सांगतस? गावाला सांग."

कुठे जमवू गाव? माझ्या सोसायटीला गेट आहे, पार्किंग आहे, आजूबाजूला माझीच माणसं आहेत. पण घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: तुम्ही सगळ्यांनी मला मधे उभं करून जाब विचारला असता, ती जागा. ती मीच घालवली.