धूळ पुसताना सरकलेलं प्यादं

पत्रानं बुद्धिबळ खेळायचं म्हणजे एक पंचाईत असते: चाल पोस्टाच्या पेटीत पडली की ब्रह्मदेवालाही परत घेता येत नाही. शिंपीकाका घोड्याची चाल टाकून घरी आले, सहज जुन्या पत्रांवरून डाव पहिल्यापासून मांडून पाहिला आणि ओरडलेच. घरच्या पटावर घोड्याला राखणारं प्यादं खऱ्या डावात एक घर मागं होतं!

"अहो, धूळ पुसताना पडलं होतं," काकू म्हणाल्या. "अंदाजानं ठेवलं."

म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच घोडा फुकट! आणि समोर परगावचा दातांचा डॉक्टर, दात उपटावा तसा वजीर उपटणारा. काकांनी धास्तीनं एका सदऱ्याच्या बाह्या उलट्या जोडल्या. पोस्टमनची घंटा वाजली की सुई बोटात.

अखेर कार्ड आलं. काका कार्डाला हात लावेनात, म्हणून काकूंनीच वाचलं: "इतक्या लवकर घोडा फुकट देणारा माणूस मूर्ख तरी असतो, नाहीतर भयंकर. तुमचा सापळा काही सापडेना, झोप उडाली. डाव सोडतो."

काकांना दरदरून घाम फुटला. "आता पुढच्या डावात मी काय करू गं?"

काकूंनी फडकं उचललं. "घाबरता काय? मी आहे ना!"